फळ उतरल्यानंतरचे पहिले सहा तास

गोव्यातल्या पेडण्यात विमानतळ आल्यापासून बागायतदारांच्या बोलण्यात एक प्रश्न हटकून येतो. विमान दाराशी आले, मग आपला मानकुराद आंबा, आपली केळी, आपली भेंडी-मिरची सरळ आखातात का जाऊ नये? प्रश्न रास्त आहे. मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानांची ये-जा सुरू झाली. मोपा, कासारवर्णे, चांदेल, वारखंड या गावांच्या पठारावर तो उभा आहे. हळर्ण हे गावही त्याच पेडणे तालुक्यात, शापोरा नदीच्या काठी. तिळारीचे पाणी कालव्यांतून पेडणे-डिचोलीकडे वळले आणि उन्हाळ्यातही भाजी घेण्याची सोय काही गावांना झाली. माल आहे, पाणी आहे, विमान आहे. या तिन्हींना जोडणारी शीतसाखळी नेमकी चालते कशी, ती कुठे तुटते, आणि हळर्णसारख्या गावात ती कुठून बांधायला घ्यावी, ते इथे टप्प्याटप्प्याने पाहू.

माझे मत आधीच सांगून टाकतो. निर्यातीचा विषय निघाला की सगळ्यांचे लक्ष मोठ्या शीतगृहाकडे आणि विमानाकडे जाते. फळाचे नशीब मात्र झाडावरून उतरल्यानंतरच्या पहिल्या सहा तासांत ठरून गेलेले असते. ते तास हातचे गेले तर पुढे कितीही महागडी यंत्रणा लावा, ती खराब होऊ घातलेला माल जपत बसते.

गोव्याच्या माणसाला थंडाव्याचे महत्त्व कोणी शिकवायला नको. मासळी होडीतून उतरते ती बर्फासकट, बाजारात पोचते तीही बर्फासकट. ‘बर्फ कमी पडला’ एवढे म्हटले तरी गिऱ्हाईक पाऊल मागे घेते. पण मासळी आणि फळ यांत एक मूलभूत फरक आहे. मासळी मेलेली असते; तिला जितके थंड ठेवाल तितके बरे. फळ झाडावरून तोडल्यावरही जिवंत असते. ते प्राणवायू घेते, कार्बन डायऑक्साइड सोडते, साठवलेली साखर आणि आम्ल खर्च करते आणि या सगळ्या उलाढालीत स्वतःच उष्णता तयार करते. झाडावर असताना खर्च झालेले भरून निघत होते. तोडल्यावर जमा बंद, फक्त खर्च चालू.

हा खर्च तापमानावर अवलंबून असतो. ढोबळ हिशेब असा, की दर दहा अंशांनी श्वसनाचा वेग दुप्पट ते तिप्पट होतो. आंबा ठेवायला १३ अंश सेल्सिअस योग्य. एप्रिल-मेमध्ये दुपारी पेडण्यात ३३-३४ अंश असतातच. म्हणजे वीस अंशांचा फरक, आणि झिजण्याचा वेग किमान चौपट, कधी आठ-नऊपट. तोडलेला आंबा बागेत पाच तास पडून राहिला तर थंड खोलीतले निदान वीस तासांचे आयुष्य तिथेच संपले. १३ अंशांवर आंबा साधारण दोन ते तीन आठवडे टिकतो. त्यातला एक-एक दिवस असा बागेतच गळून जातो, आणि ते बाहेरून दिसत नाही. फळ हिरवे, टणक, देखणे असते. दुबईच्या दुकानात आठवडाभराने ते सुरकुतते तेव्हा दोष विमानाला दिला जातो.

म्हणून सुरुवात तोडणीपासून. आंबा चौदा आणे तयार झाला की निर्यातीसाठी काढायचा, हे कोकणातले जुने माप आजही चोख आहे. खांदे भरलेले, देठाजवळ किंचित खळगा पडलेला, सालीवर हलकी लव चढलेली, असे फळ बागेतला अनुभवी माणूस खालूनच ओळखतो. अडचण मानकुरादच्या झाडांची आहे. हापूसच्या नव्या कलमी बागा बेताच्या उंचीच्या असतात. मानकुराद मात्र पुष्कळ ठिकाणी घराच्या मागे, कुळागराच्या कडेला, जुन्या उंच झाडांवर लागतो. फांदी हलवून पाडलेला आंबा निर्यातीला चालत नाही. वरून पडलेल्या फळाला आतून मार बसतो, तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी काळा होऊन उमटतो, आणि मार बसलेले फळ श्वसनही जोरात करते. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, एकेक फळ देठासकट उतरवणे याला पर्याय नाही.

देठ चार-पाच सेंटिमीटर ठेवायचा. तो नंतर सावलीत, पॅकिंगच्या जागी, सेंटिमीटरभर कापायचा आणि फळ लगेच देठ खाली करून जाळीवर पालथे ठेवायचे. कापल्या क्षणी चीक उडतो. सालीवर तो पडला की भाजल्यासारखा काळपट ओघळ उठतो आणि धुऊन जात नाही. अर्धा-पाऊण तास पालथे राहिले की चीक निथळून जातो. एवढी एक जाळीची मांडणी, तीही बांबूची चालेल, पेटीचा दर्जा बदलून टाकते. तोडणी सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर. उन्हात लोंबणारे फळ हवेपेक्षा कितीतरी अंशांनी जास्त तापलेले असते, आणि ती उष्णता पुढे विजेचे पैसे मोजून काढावी लागते. सावलीत भरलेला क्रेट जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवला, त्यावर ओले गोणपाट न घालता कोरडे झाकण ठेवले, तर पैसा न खर्चता चार-पाच अंश वाचतात.

आता मुख्य गोष्ट, पूर्वशीतन. व्यवहारात सगळे याला प्री-कूलिंग म्हणतात. प्री-कूलिंग आणि शीतगृह एकच, असा समज फार पसरला आहे आणि त्यानेच सर्वांत जास्त नुकसान होते. शीतगृहाचे यंत्र थंड माल थंड ठेवण्याच्या ताकदीचे असते. तापलेला माल झटपट थंड करणे हे निराळे काम आहे.

एक हिशेब करून पाहू. एक टन आंबा ३५ अंशांवरून १३ अंशांवर आणायचा आहे. फळात बहुतांश पाणी असते, त्यामुळे दर किलोला दर अंशाला सुमारे ३.८ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. बावीस अंश, हजार किलो: जवळजवळ ८४ हजार किलोज्यूल. अडीचशे किलो बर्फ वितळवायला लागेल एवढी ही उष्णता, किंवा विजेच्या भाषेत सुमारे २३ युनिट. शीतयंत्र एका युनिट विजेत दोन-अडीच युनिट उष्णता बाहेर फेकते. पंख्यांची आणि भिंतींतून शिरणारी उष्णता धरली तरी टनामागे दहा ते पंधरा युनिट विजेत काम होते. आकडा घाबरवणारा नाही. आंब्याच्या पेटीच्या भावापुढे ही रक्कम किरकोळ आहे.

अडचण विजेपेक्षा वेळेची असते. फळ थंड होण्याचा वेग सारखा नसतो. खोलीची हवा १३ अंश आणि फळ ३५ अंश असेल तर फरक बावीसचा. समजा, हा फरक निम्मा व्हायला, म्हणजे फळ २४ अंशांवर यायला, दोन तास लागले. पुढच्या दोन तासांत उरलेल्या फरकाचा निम्मा जातो, फळ साडेअठरावर. आणखी दोन तासांनी १६च्या आत. असे सहा तासांत आठपैकी सात भाग उष्णता निघाली, की प्री-कूलिंग झाले असे मानतात. पण हे दोन तासांचे गणित फुकट जमत नाही. नुसते क्रेट रचून खोलीत ठेवले तर थंड हवा थप्पीच्या बाहेरून फिरते, मधल्या पेटीतले फळ आपल्याच उष्णतेत शिजत राहते आणि तोच निम्मा फरक जायला आठ-दहा तास लागतात.

म्हणून हवा पेटीच्या आतून ओढावी लागते. रचना अगदी साधी आहे. क्रेटच्या दोन रांगा समोरासमोर लावायच्या, मध्ये हातभर बोळ ठेवायचा. बोळाच्या एका टोकाला जोरदार पंखा, तोंड बाहेरच्या दिशेने. बोळाचे दुसरे टोक आणि वरचा भाग जाड ताडपत्रीने घट्ट झाकायचा. पंखा बोळातली हवा उपसू लागला की खोलीतली थंड हवा आत यायला एकच वाट उरते: क्रेटच्या भोकांतून, फळांच्या मधून. ताडपत्री फडफडत असेल किंवा दोन क्रेटमध्ये फट राहिली असेल तर हवा तिथून पळते आणि सगळा डाव फसतो. अशा खोलीत शिरल्यावर मी आधी ताडपत्रीची कड पाहतो, यंत्राचा आकडा नंतर. पुठ्ठ्याच्या पेट्या वापरायच्या तर त्यांची भोके एकासमोर एक यायला हवीत. सुंदर छपाईच्या पेटीला भोकेच पुरेशी नसतात, असे पुष्कळदा दिसते.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. देशावर भारतीय कृषी संशोधन संस्थेचा शून्य ऊर्जा शीतकक्ष लोकप्रिय आहे: विटांच्या दुहेरी भिंती, मध्ये ओली वाळू, पाणी उडून जाताना आतला माल थंड. सोलापूर-सांगलीच्या कोरड्या उन्हाळ्यात तो उत्तम चालतो. पेडण्यात मे महिन्यात हवेतच एवढा दमटपणा असतो की पाणी उडायला जागाच नसते. ३३ अंशांच्या आपल्या हवेत ओल्या वाळूने फार तर २८ अंश मिळतील. योजनेच्या यादीत नाव आहे म्हणून तो किनाऱ्यावर बांधणे म्हणजे बागायतदाराचा पैसा आणि विश्वास दोन्ही घालवणे आहे. आपल्याला यांत्रिक थंडावाच लागणार. नीट उष्णतारोधक पॅनल लावलेली दहा बाय दहा फुटांची खोली, तिच्यात दोन टनी यंत्र आणि वर सांगितलेला पंखा, एवढ्यात एका पाळीला टनभर माल सांभाळता येतो. वीज गेली तर थंडावा टिकावा म्हणून खोलीतच बर्फ किंवा गोठणाऱ्या द्रवाची टाकी ठेवतात. ती रात्री भरते आणि दिवसा कामी येते. आपल्याकडच्या वळवाच्या पावसात वीज किती वेळा जाते ते पाहता ही टाकी चैनीची वस्तू नाही.

किती थंड, हा पुढचा प्रश्न. इथे मासळीची सवय अंगाशी येते. बर्फाला लावलेला आंबा टिकत नाही, मरतो. दहा-बारा अंशांच्या खाली काही दिवस राहिला की साल राखाडी होते, बारीक खळगे पडतात, आणि बाहेर काढल्यावर तो पिकतच नाही. वाईट म्हणजे थंडीत असताना हे दिसत नाही. माल गरम हवेत आल्यावर, म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातात गेल्यावर, दिसते. केळ्याला १३-१४ अंश हवेत. त्याखाली सालीच्या आतली नळी तपकिरी पडते आणि पिकल्यावर रंग मळकट येतो. वांग्याला १०-१२, भेंडी आणि हिरव्या मिरचीला ७ ते १०. मिरची याहून थंडीत ठेवली तर आतल्या बिया काळ्या पडतात. उलट द्राक्षाला शून्याच्या आसपास ठेवावे लागते आणि पालेभाजीलाही जवळपास तेवढीच थंडी मानवते.

म्हणजे ‘फळभाजीची एक थंड खोली’ ही कल्पनाच अपुरी आहे. आंबा, केळी, अननस, फणस हे १३ अंशांच्या आसपास एकत्र नांदू शकतात. भेंडी-मिरची ८-९ अंशांच्या दुसऱ्या खोलीत. शिवाय पिकणारा आंबा आणि केळी इथिलीन वायू सोडतात. त्याच हवेत वांगी-काकडी ठेवली तर वांग्याचे देठ गळतात, काकडी पिवळी पडते. एकाच व्हॅनमध्ये ‘जागा उरली आहे तर टाका’ म्हणून चढवलेला माल दोघांचेही नुकसान करतो. हरमलची मिरची, जिला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती सुकवून विकायची असेल तर तिला या साखळीची गरजच नाही, काजूलाही नाही. थंडावा महाग आहे. तो ज्याला लागतो त्यालाच द्यावा.

आता एक खास किनारपट्टीची अडचण. तिच्याबद्दल देशावरच्या पुस्तकांत फारसे सापडत नाही. मे महिन्यात आपल्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. त्याहून थंड असलेली कोणतीही वस्तू उघड्यावर आली की तिच्यावर पाणी साचते. १३ अंशांचा आंबा खोलीतून काढून उघड्या अंगणात टेम्पोत चढवला तर पाच मिनिटांत फळे घामेजतात. सालीवरच्या त्या ओलीत करपा बुरशीचे सुप्त बीजाणू जागे होतात. पुठ्ठ्याची पेटी ओल पिते, तिची ताकद निम्म्यावर येते, आणि थप्पीतली खालची पेटी बसते. वर बाहेरची उष्णता फळात परत शिरू लागली ती निराळीच. म्हणून थंड खोलीचे दार आणि माल नेणाऱ्या शीतव्हॅनचे दार एकमेकांना भिडले पाहिजेत. मध्ये रबराची किंवा कॅनव्हासची झालर हवी. खोली बांधतानाच तिच्या उंबऱ्याची उंची व्हॅनच्या फळीएवढी धरली तर माल ढकलत आत जातो, हवेत येतच नाही. नंतर हे दुरुस्त करायला गेले तर पायाच फोडावा लागतो.

व्हॅनमध्ये माल गेला म्हणजे साखळी अखंड झाली, असेही नाही. चालकाच्या समोरच्या पडद्यावर दिसतो तो हवेचा आकडा. गरम फळ भरले तरी तासाभरात हवा १३ अंश दाखवते; पेटीच्या पोटातले फळ तेव्हा २८वर असू शकते. खरे तापमान फळाच्या गरात मोजावे लागते. सुईसारखा थर्मामीटर मिळतो. थप्पीच्या मधल्या पेटीतले एक फळ घेऊन तो कोयीपर्यंत टोचायचा आणि मिनिटभर थांबायचे. ते फळ बाद होते, पण त्या एका फळावरून पूर्ण गाडीची परीक्षा होते. भरताना एकदा आणि विमानतळावर उतरवताना एकदा, असे दोन आकडे वहीत लिहिले गेले तर कुठल्या कडीत उष्णता शिरली याचा वाद उरत नाही.

विमानतळावरची वाट सर्वांत कमी दिसणारी. मालवाहू विभागात पेट्या उड्डाणाच्या काही तास आधी द्याव्या लागतात. क्ष-किरण तपासणी, सीमाशुल्क, वजन, मग मोठ्या जाळीच्या फलाटावर थप्पी. विमानाला उशीर झाला की ती थप्पी धावपट्टीलगतच्या डांबरावर उभी राहते. दुपारच्या उन्हात त्या जमिनीवरचे तापमान पन्नाशी ओलांडते. यावर दोन उपाय आहेत: थप्पीवर उष्णतारोधक आवरण, आणि शक्यतो रात्रीचे किंवा पहाटेचे विमान. बागायतदाराने मालवाहतूकदाराला विचारायचा पहिला प्रश्न किलोच्या दराचा नसावा. ‘माल दिल्यापासून विमान सुटेपर्यंत पेट्या कुठल्या खोलीत असतील?’ हा असावा.

कागदांचीही एक साखळी असते आणि ती थंडाव्याइतकीच नाजूक आहे. फळमाशीच्या भीतीने १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यासह कारले, पडवळ, वांगी आणि अळू यांच्यावर बंदी घातली होती. आंब्यावरची बंदी पुढच्या हंगामाआधी उठली, पण तेव्हापासून प्रक्रियेचा काच पक्का झाला. युरोपसाठी आंबा ४८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात, जपानसाठी बाष्पप्रक्रिया करतात, अमेरिकेसाठी किमान ४०० ग्रे मात्रेचा किरणोत्सार देतात. महाराष्ट्र राज्य कृषि पणन मंडळाने या सोयी नवी मुंबईत वाशीला उभ्या केल्या. मे २०२५ मध्ये वाशीत किरणप्रक्रिया झालेल्या आंब्याच्या १५ खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर अडल्या. कारण प्रक्रियेच्या कागदपत्रांतली त्रुटी. परत आणण्यापेक्षा तो आंबा तिथेच नष्ट करणे निर्यातदारांना भाग पडले. थंडावा, चव, रंग सगळे जागेवर असून कागदाने माल मारला.

हळर्णच्या आंब्याला वाशीची वाट धरायची तर आधी शेकडो किलोमीटर रस्ता, मग प्रक्रिया, मग मुंबईचे विमान. दाराशी असलेल्या विमानतळाचा फायदा त्यात संपतोच. म्हणून माझ्या मते पेडण्याने आधी आखाताकडे पाहावे. प्रवास तीन-चार तासांचा, गोव्यातली आणि कोकणातली माणसे तिथे पिढ्यान्‌पिढ्या, मानकुराद म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगावे लागत नाही. वनस्पती आरोग्याचा दाखला तिथेही लागतो, पण युरोप-अमेरिकेसारखी लांबलचक प्रक्रिया नाही. गोव्याच्या मानकुरादला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा पेटीवर नाव लावायलाही आधार आहे.

समुद्रमार्ग स्वस्त, पण त्याचे गणित निराळे. चाळीस फुटी रीफर, म्हणजे शीत, कंटेनरमध्ये थंड हवा छतातून येत नाही. जमिनीच्या पन्हळींतून येते आणि पेट्यांमधून वर चढते. त्यामुळे जमीन पूर्ण झाकावी लागते, पेट्यांच्या तळाला भोके लागतात, आणि भिंतीवरच्या लाल रेघेच्या वर माल रचायचा नसतो. तसा कंटेनर भरायला १५ टनांहून जास्त एकसारखा माल एका दिवशी हवा. विखुरलेल्या झाडांच्या पेडणे-डिचोलीला हे आज शक्य नाही, हे मान्य करूनच पुढे जावे. २०२२ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पद्धतीने वाशीहून आंबा समुद्रमार्गे अमेरिकेला गेला. तो मार्ग मोठ्या बागांच्या जिल्ह्यांसाठी आहे.

लहान बागायतदारांनी हे कसे जमवावे, याचे मराठी उत्तर द्राक्षांनी देऊन ठेवले आहे. १९९१ मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी मिळून महाग्रेप्स उभी केली. सुरुवातीच्या खेपा परदेशात नाकारल्या गेल्या. मग शेताजवळ प्री-कूलिंग, शून्याजवळची साठवण, पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद, अशी एकेक कडी शिकत ती माणसे पुढे गेली. २०१० मध्ये एका वाढनियंत्रकाचा अंश सापडल्याने युरोपात भारतीय द्राक्षे अडकली, तेव्हाही बागेची नोंद, फवारणीची वही आणि प्रयोगशाळेचा दाखला यांची शिस्त आणखी घट्ट झाली. नाशिकच्या द्राक्षांच्या यशात यंत्रांइतकाच वाटा आहे तो ‘आज तुझी बाग, उद्या माझी’ असे तोडणीचे वेळापत्रक पाळण्याचा. हळर्णला लागेल ते हेच: इब्रामपूर, हसापूर, चांदेल, पलीकडे डिचोलीतले साळ-लाटंबार्से इथल्या पाच-पंचवीस बागायतदारांनी एका खोलीभोवती एकत्र येणे. कोणाची झाडे कुठल्या दिवशी उतरायची ते ठरवणे. खोलीच्या कर्जाला २०२० पासूनच्या कृषी पायाभूत सुविधा निधीत दोन कोटींपर्यंत ३ टक्के व्याजसवलत मिळते, पण तोडणीचे वेळापत्रक कुठल्याच योजनेत मिळत नाही.

आणि बाजाराचा विचार उघड्या डोळ्यांनी करावा. गोव्याच्या स्वयंपाकघरातली बरीचशी भाजी आजही बेळगावहून येते. जे गाव स्वतःपुरते पिकवत नाही त्याने भाजी निर्यातीची स्वप्ने पाहू नयेत. आधी त्याच थंड खोलीतून म्हापसा-पणजीला ताजी भेंडी-मिरची पोचवावी, त्यात खोलीचा वर्षभराचा खर्च निघेल. हंगामाच्या सुरुवातीचा मानकुराद म्हापशाच्या बाजारात जो भाव घेतो तो परदेशातही क्वचितच मिळेल. तो पाठवण्याची घाई नको. एप्रिलच्या उत्तरार्धात माल एकदम वाढतो, भाव कोसळतो आणि पंधरा-वीस दिवसांत वळवाचा पाऊस येऊन फळाला डाग पाडतो. निर्यातीची खिडकी या दोन-तीन आठवड्यांची आहे. खोलीची क्षमता, व्हॅनचा करार, विमानातली जागा, सगळे त्या आठवड्यांसाठी फेब्रुवारीतच ठरवायला हवे.

मोठी गुंतवणूक करण्याआधी येत्या हंगामात एक चाचणी करता येईल, आणि तिला फार खर्च नाही. बोटभर लांबीचे तापमान नोंदयंत्र मिळते. ते दर दहा मिनिटांनी आकडा साठवते आणि नंतर संगणकावर आलेख दाखवते. एकाच बागेतल्या, एकाच सकाळी उतरवलेल्या मानकुरादच्या दहा पेट्या घ्याव्यात. पाच पेट्या नेहमीसारख्या सावलीत ठेवून पाठवाव्यात, पाच प्री-कूलिंग करून. दोन्हींतल्या मधल्या पेटीत नोंदयंत्र ठेवावे आणि मोपाहून आखातातल्या ओळखीच्या माणसाकडे पाठवावे. त्याने पोचल्यावर आलेख पाठवायचा, आणि दोन्ही गटांतली फळे एकाच खोलीत ठेवून रोज मोजायचे: किती पिकली, किती सुरकुतली, किती डागाळली. आलेखात जिथे रेघ अचानक वर चढते ती वेळ वहीतल्या नोंदीशी जुळवली की कुठली कडी कच्ची ते कळते: बाग, दार, व्हॅन की विमानतळाचे डांबर. दहाव्या दिवशी दोन्ही गटांत विकण्याजोगी किती किलो फळे उरली, तो फरक टनाच्या हिशेबात नेऊन किलोच्या भावाने गुणायचा. येणारी रक्कम टनामागच्या पंधरा युनिट विजेचे बिल आणि खोलीच्या हप्त्याचा टनामागचा वाटा यांच्या बेरजेपेक्षा जास्त असेल तर हळर्णमध्ये खोली बांधायला घ्यावी. कमी असेल तर तोच आंबा चांगल्या पेटीत भरून म्हापशाला न्यावा.